घड्याळाची खाच आणि ४५ अंश

नमस्कार श्रोतेहो. बसल्या जागेवरून भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघा. किती वाजले ते नको, ते लटकलंय कशावर ते आठवा. भिंतीत एक स्क्रू, त्याचं डोकं जरासं बाहेर. घड्याळाच्या पाठीला एक खाच, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. रुंद भागातून स्क्रूचं डोकं आत घ्यायचं, घड्याळ थोडं खाली सरकवायचं, की डोकं अरुंद भागात अडकतं. मग ओढलं तरी घड्याळ निघत नाही. काढायचं तर आधी वर उचलावं लागतं. ही खाच लक्षात ठेवा. आधी रुंद, मग अरुंद. थोड्या वेळाने ती मायकल जॅक्सनच्या बुटाच्या टाचेत सापडणार आहे.

आजचा विषय आहे मायकल जॅक्सनचे संगीतपट. गाण्यांचे व्हिडिओ म्हणा हवं तर, तो स्वतः मात्र त्यांना छोटे चित्रपटच म्हणायचा, आणि ते खरंही होतं. त्याच्या आयुष्याबद्दल गंभीर आरोप झाले, वाद झाले, ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आज आपण पडद्यावरच्या कामाबद्दल बोलू.

१९८३ सालापासून सुरुवात करू. ‘बीट इट’चा दिग्दर्शक बॉब जिराल्डी, नृत्य मायकल पीटर्सचं. दोन टोळ्यांचं भांडण आहे, आणि त्यातल्या एका टोळीचा पांढऱ्या जॅकेटमधला म्होरक्या म्हणजे खुद्द पीटर्स. समोरच्या टोळीचा म्होरक्या व्हिन्सेंट पॅटरसन. हे दुसरं नाव विसरू नका, पॅटरसन. पुढे तोच लागणार आहे.

त्याच वर्षीच्या २ डिसेंबरला एमटीव्हीवर ‘थ्रिलर’ आला. जेमतेम १४ मिनिटांचा. दिग्दर्शक जॉन लँडिस हा माणसाचा लांडगा होण्याच्या सिनेमासाठी आधीच गाजलेला, आणि त्याच सिनेमाच्या रंगभूषेसाठी ऑस्कर मिळवलेला रिक बेकर इथेही रंगभूषेला. एवढ्या खर्चाला कंपनी तयार होईना. मग या मंडळींनी काय केलं? सिनेमा कसा बनतो याचाच एक सिनेमा काढला आणि तो वाहिन्यांना विकून पैसे उभे केले. मायकलचं ते लाल जॅकेट डेबोरा लँडिसने बेतलं, दिग्दर्शकाची बायको. रात्र काळी, रस्ता काळा, भुतांचे कपडे मळके. त्या सगळ्यात नजर एकाच माणसावर राहायची तर रंग लालच हवा. आपल्या गॅदरिंगमध्ये मात्र ड्रेसवाल्याकडून आणलेली लाल जॅकेटं सगळ्या भुतांना घालतात, मुख्य नाचणाऱ्यालाही आणि शेवटच्या रांगेतल्यालाही. मग बघणाऱ्याने बघायचं कुणाकडे? २००९ मध्ये ‘थ्रिलर’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. तिथे गेलेला तो पहिला संगीत-व्हिडिओ.

१९८७ चा ‘बॅड’ मार्टिन स्कॉर्सेसीचा, १८ मिनिटांचा, ब्रुकलिनच्या मेट्रो स्थानकात चित्रित केलेला. आधी कृष्णधवल, नाच सुरू होताच रंगीत. १९९१ च्या ‘ब्लॅक ऑर व्हाइट’मध्ये एका चेहऱ्यातून दुसरा चेहरा उमलत जातो. आज हे कुठलाही मोबाइल करतो, म्हणून त्याची नवलाई गेली आहे. पण त्याच व्हिडिओत भर रहदारीच्या रस्त्यावर मायकलबरोबर आपल्याकडच्या शास्त्रीय नृत्याच्या वेशात एक नर्तकी नाचते. तो तुकडा पुन्हा बघा. तिच्या पायांकडे लक्ष ठेवा.

पायांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नाच दाखवायचा तर डोक्यापासून पावलापर्यंत अख्खा माणूस चौकटीत हवा. हॉलिवूडचा जुना नर्तक-नट फ्रेड अस्टेअर त्यासाठी हटून बसायचा, आणि मायकल त्याचा भक्त. हल्ली मोबाइल उभा धरतात, दर सेकंदाला शॉट बदलतात, आणि पाय दाखवायची वेळ आली की नेमका चेहऱ्याचा क्लोजअप. त्याला नाच का म्हणायचं, मला कळत नाही. विसर्जन मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरचंही तेच: ठेका छातीत धडधडतो, पण पाय हलवायला कुणाला जागाच नसते. असो.

आता खाचेकडे येऊ.

१९८८ चा ‘मूनवॉकर’. हा सलग कथेचा सिनेमा नाही, सात-आठ तुकड्यांची गोधडी आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातले काही तुकडे विरलेले आहेत. पण ‘स्मूथ क्रिमिनल’चा तुकडा जरीचा. १९३० च्या दशकातला क्लब, धूर, पांढरा सूट, पांढरी हॅट. हा वेश अस्टेअरच्या १९५३ मधल्या एका नृत्यप्रसंगाला केलेला सलाम आहे. तुकड्याचा दिग्दर्शक कॉलिन चिल्व्हर्स. ‘सुपरमॅन’ला पडद्यावर उडवल्याबद्दल ज्या चमूला ऑस्कर मिळालं, त्यातला हा गडी. म्हणजे तारांवर माणूस टांगण्यात मुरलेला. नृत्यदिग्दर्शनात तोच, पॅटरसन.

गाण्यात एका क्षणी मायकल आणि त्याच्या बाजूचे नर्तक अंग काठीसारखं ताठ ठेवून पुढे झुकतात. गुडघा वाकत नाही, कंबर मोडत नाही, टाच उचलत नाही. ४५ अंश. गवंड्याचा ओळंबा आणि जमीन यांच्या बरोबर मधोमध. आणि तसेच ताठ परत उभे राहतात.

तुम्ही घरी करून बघाल, म्हणून आधीच सांगतो, पडाल. कारण साधं आहे. उभ्या माणसाचा भार बेंबीच्या जरा खाली एका बिंदूत एकवटलेला धरतात. त्या बिंदूतून सोडलेला ओळंबा चवड्याच्या पुढे गेला की तोल गेला. चंदिगडच्या पीजीआयमधल्या न्यूरोसर्जननी २०१८ मध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या एका जर्नलमध्ये या झुकण्यावर चक्क शोधनिबंध लिहिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कसलेला नर्तकही फार तर २५ ते ३० अंशांपर्यंत जातो, आणि तेव्हा सगळा ताण टाचेच्या वरच्या जाड शिरेवर येतो. मग ४५ कसे? सिनेमात कमरेला पट्टा होता आणि पट्ट्याला तारा. चित्रीकरणात ते चालतं. तारा लावा, शॉट घ्या, तारा काढा.

आपल्या पुण्याला हे नवं नाही म्हणा. प्रभातच्या आवारात, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९३६ मध्ये तुकोबांना गरुडाच्या विमानातून वैकुंठाला नेलंच होतं की.

अडचण आली ती रंगमंचावर. हजारो लोकांसमोर, चालू गाण्यात, बॅकस्टेजवाले येऊन नर्तकांना तारा अडकवणार, मग सोडवणार. सगळी मजाच गेली. म्हणून मायकल आणि त्याचे दोन वेशभूषाकार, मायकल बुश आणि डेनिस टॉम्पकिन्स, यांनी बूट तयार केला. २६ ऑक्टोबर १९९३ रोजी तिघांच्या नावे अमेरिकेत पेटंट मिळालं. नाचणाऱ्या माणसाच्या नावावर बुटाचं पेटंट! मला या सगळ्या प्रकारात हेच सर्वांत जास्त आवडतं.

आता घड्याळ उलटं करा. स्क्रू भिंतीत नाही, जमिनीत. ठरलेल्या ठोक्याला रंगमंचाच्या फटीतून मोठ्या डोक्याची खुंटी वर येते. बुटाच्या टाचेत खाच, टाचेच्या पुढच्या कडेला रुंद, आत मागे अरुंद. पुन्हा सांगतो: पुढे रुंद, मागे अरुंद. नर्तक खुंटी टाचेच्या पुढ्यात येईल असं पाऊल ठेवतो आणि ते पुढे सरकवतो. खुंटीचं डोकं खाचेत शिरतं आणि मागे जाऊन अडकतं. आता टाच वर उचलली जाऊच शकत नाही. बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारा, घोट्याला घट्ट धरणारा. झुकून झालं की पाऊल मागे, खुंटी मोकळी. नाच पुढे चालू, त्याच बुटात.

भार किती येतो ते बघू. हिशेब ढोबळ आहे. साठ किलोचा, पावणेसहा फुटी माणूस ४५ अंशांत झुकला की त्याच्या भाराचा बिंदू घोट्यापासून ६५ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे चवड्याच्याही ५० सेंटिमीटर पुढे. चवडा म्हणजे सी-सॉचा मधला टेकू. पुढच्या बाजूला ५० सेंटिमीटरवर साठ किलो, मागच्या बाजूला टाच, टेकूपासून जेमतेम २० सेंटिमीटरवर. म्हणजे टाचेवर वरच्या दिशेने ओढ बसते दीडशे किलोची. तांदळाची ५० किलोची तीन पोती. दोन टाचांत वाटली तरी एकेकीला ७५ किलो. बुटाचा तळ नुसता चिकटवलेला असेल तर तळ तिथेच राहील आणि माणूस पुढे जाईल.

गॅदरिंगच्या दिवसांत नेमकं हेच होतं. स्पोर्ट्स शूज घेतात, फळीला दोन स्क्रू मारतात, आणि बालगंधर्वला पहिल्या रांगेत पालक बसलेले असताना सोल उचकटतो. करायचंच असेल तर नीट करा. शाळेच्या मुलांनी नको, मोठ्यांनीच, आणि ४५ चा हट्ट सोडून. २५ अंशांत हीच ओढ दीडशेवरून सत्तरवर येते, आणि नर्तक विंगेकडे तोंड करून उभा असेल तर प्रेक्षकाला २५ सुद्धा भरपूर वाटतात. विंगेकडे तोंड, हे महत्त्वाचं. प्रेक्षकांकडे तोंड करून झुकलात तर माणूस फक्त बुटका झालेला दिसतो.

फळी म्हणाल तर टिंबर मार्केटमधून १९ मिलिमीटरचा आठ बाय चारचा अख्खा प्लाय आणा. तुकडा नको. नर्तक मागच्या कडेपासून दोन फुटांवर, पुढे सहा फूट प्लाय मोकळा. का? झुकल्यावर भार घोट्याच्या पुढे पडतो. तिथे फळी संपलेली असेल तर फळीच मागून उचलते, माणसासकट. प्लायखाली लाकडी पट्ट्यांची चौकट ठोका, नाहीतर तो मधे लवतो. खुंटीसाठी बोहरी आळीतून १० मिलिमीटरचा बोल्ट घ्या, खालून मोठा वॉशर आणि नट. स्क्रू नको, प्लायमधून स्क्रू सरळ उपटून येतो. बूट चामड्याचा, घोट्यापर्यंतचा, तळ शिवलेला. टाचेत ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी, ती टाचेपाशी न संपवता तळव्याखालून पुढपर्यंत न्या, आणि खाच त्या पट्टीत कापून घ्या. चामड्यात किंवा रबरात कापलेली खाच पहिल्याच तालमीत फाटते.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, अंधारात खुंटी सापडत नाही. त्यावर उपाय म्हणजे रेडियम टेपची खूण, आणि पन्नास वेळा डोळे मिटून केलेली तालीम. तुमची खुंटी जमिनीत परत जाणारी नसते, म्हणून बाकीच्यांनी तिथे अडखळू नये याची व्यवस्था वेगळी करा. दुसरी गोष्ट, मध्येच गुडघा वाकतो. गुडघा वाकला की पाऊल नकळत मागे सरकतं, आणि मागे सरकणं म्हणजे कुलूप उघडणं. पुढे गादी आणि दोन धडधाकट माणसं असल्याशिवाय तालीम करायची नाही.

एवढं करूनही बुटाने काय केलं? पडू दिलं नाही, इतकंच. अंग ताठ ठेवणं पोटाचं आणि पाठीचं काम. आणि परत वर येणं? तिथे बूट फक्त टाच धरून ठेवतो, उचलत नाही. पोटऱ्या, मांड्यांची मागची बाजू आणि कंबर, यांनी अख्खं शरीर उचलायचं, तेही तालात, चेहऱ्यावर कष्ट न दाखवता. खाली जाणं बुटाचं, वर येणं माणसाचं. हे मी तिसऱ्यांदाही सांगेन: वर येणं माणसाचं. ‘बूट होता म्हणे, मग त्यात काय एवढं’ असं म्हणणाऱ्यांनी तो बूट घालून एकदा वर येऊन दाखवावं.

१ नोव्हेंबर १९९६ ला तो मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला होता. विमानतळावर नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रेने त्याला ओवाळलं, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या दौऱ्याच्या कार्यक्रमात ‘स्मूथ क्रिमिनल’ होतं. त्या काळातल्या मंचावरच्या चित्रफिती मिळतात. आज रात्री एखादी लावा, आवाज थोडा कमी ठेवा, आणि झुकून वर आल्यानंतर लगेच पुढच्या पावलाकडे नका धावू. टाचा बघा. सुटायला पाऊल थोडं मागे घ्यावं लागतं, अर्धा ठोकासुद्धा नाही, आणि तेही नाचातच मिसळून टाकलेलं असतं. सिनेमात ते सापडणार नाही, तिथे तारा होत्या.