पोटमाळ्यावरचा संगणक

गिरगावातल्या या चाळीच्या खोलीत जमिनीवर जागा उरलेली नाही, म्हणून संगणक पोटमाळ्यावर गेला आहे. त्याची ही पेटी बाजारातून आणलेली नाही. घरातले जुने सागवानी कपाट मोडले तेव्हा निघालेल्या फळ्यांतून, व्हिडिओ संकलनाचे काम करणाऱ्या इथल्या तरुणाने ती स्वतः बांधली. कोपरे खाचा पाडून एकमेकांत बसवलेले आहेत, झाकणाला पितळी बिजागऱ्या आहेत आणि आतून सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा मारला आहे. रंधा आणि पॉलिशचे काम आम्ही पोहोचण्याआधीच उरकले होते. पेटी देखणी झाली, पण संगणक चालू करायला दरवेळी शिडी लावावी लागे.

त्यावरचा उपाय, म्हणजे रिमोटने संगणक चालू करण्याचे सामान, पायी जाण्याच्या अंतरावर होता. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि लोकांच्या तोंडी आजही लॅमिंग्टन रोड असलेल्या या रस्त्यावर रिमोट आणि रिसीव्हरची जोडी, प्रकाशाने संकेत पुढे नेणारा ऑप्टोकपलर आणि वीजप्रवाहाला आवर घालणारा रेझिस्टर सुटे मिळतात. संगणकात थेट खोचायचे तयार रिमोट कार्डही मिळते. मात्र ज्याने पेटीचे सांधे हाताने जुळवले, त्याने इथेही सोल्डरिंगची बंदूक उचलावी, हे स्वाभाविकच म्हणायला हवे.

इंटेलने १९९५ साली संगणकाच्या मदरबोर्डची, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाची, एटीएक्स ही प्रमाणित रचना आणली. या रचनेत पेटीवरचे बटण मुख्य वीजपुरवठा जोडत किंवा तोडत नाही. ते मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते आणि पुढचे सारे मदरबोर्ड पाहतो. संगणक बंद असतानाही, भिंतीवरचा स्विच चालू असेल तर, पॉवर सप्लायच्या जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट मिळत राहतात. रिसीव्हर त्यावरच जागा राहतो.

आता टेबलावरचा हा चार पायांचा काळा चौकोन पाहा. पीसी ८१७ या ऑप्टोकपलरच्या एका बाजूला सूक्ष्म एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशाने चालणारा ट्रान्झिस्टर असतो. दोहोंमध्ये विजेचा थेट संबंध नसल्यामुळे रिसीव्हरमध्ये काही बिघडले तरी त्याची झळ मदरबोर्डच्या पिनांना सहसा लागत नाही. ठिपका असलेल्या पायाला १ किलोओहमचा रेझिस्टर लागला आहे. ट्रान्झिस्टरचे दोन पाय मूळ बटणाच्या वायरींना समांतर जोडले आहेत, त्यामुळे पेटीवरचे बटणही पूर्वीसारखेच चालते. निवड करताना खरी नजर लागते ती रिसीव्हरच्या आयसीवर, म्हणजे चिपवर. पीटी २२७२ हा आयसी एम ४ आणि एल ४ अशा प्रकारांत येतो. रिमोटचे बटण सोडताच एम ४ थांबतो, तर एल ४ आपला संकेत धरून ठेवतो. आणि बटण सुमारे चार सेकंद दाबलेले राहिले की मदरबोर्ड संगणक सक्तीने बंद करतो. म्हणून इथे एम ४ वापरला आहे.

रिमोट उघडल्यावर दिसणाऱ्या या आठ जागांवर सोल्डरचा थेंब वर, खाली किंवा कुठेच नाही, असे तीन पर्याय असतात. तीनचा आठवा घात ६,५६१ होतो. तेवढ्यांपैकी एक सांकेतिक क्रमांक रिमोटवर आणि रिसीव्हरवर सारखाच जुळवावा लागतो. टोकावर जमलेला थेंब पायावर ठेवताना हात स्थिर लागतो, आणि कॅमेरा इतका जवळ असतानाही तो इथे हललेला नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या अस्तराने एक पेच निर्माण केला, कारण धातूच्या आवरणात रेडिओ लहरी शिरत नाहीत. रिमोटच्या ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते आणि अँटेनासाठी तिचा चौथा भाग पुरतो. तेवढीच, १७.३ सेंटिमीटरची ही लाल वायर बिजागरीशेजारच्या छिद्रातून बाहेर काढून सागवानी कडेने सरळ वर नेली आहे.

असा ठरावीक क्रमांक साध्या कॉपी रिमोटने उचलता येतो आणि खिशात बटण दाबून राहिले तर जतन न केलेले काम जाऊ शकते, हेही सांगितले पाहिजे. रिमोटच्या उरलेल्या तीन बटणांपैकी एकावर पेटीतली दिव्यांची पट्टी जोडली जाणार आहे. रीसेटच्या पिना मात्र मुद्दामच मोकळ्या ठेवल्या आहेत.