स्लाइड: बघायची कशी, ठेवायची कुठे

(ट्रे एक घर पुढे सरकतो. खट्. पडद्यावर चित्र.)

स्लाइड प्रोजेक्टरचा हा ट्रे ८० घरांचा. प्रत्येक घरात एक स्लाइड, म्हणजे फोटोची पारदर्शक फिल्म, ५ बाय ५ सेंटिमीटरच्या चौकटीत बसवलेली. आतली फिल्म जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटर, मोठ्या टपाल तिकिटाएवढी. कॅमेऱ्यात जी होती तीच ही. तिच्यावरच प्रकाश पडला, तीच धुतली, तीच कापून चौकटीत बसवली. निगेटिव्ह नाही, म्हणजे हरवली तर पुन्हा प्रिंट काढायलाही मागे काही उरत नाही.

(लाइट टेबल. बोटं, स्लाइड, भिंग.)

धरायची ती चौकटीच्या कडांना. दिव्याखाली थोडी तिरकी करा. एक बाजू चकचकीत, दुसरी मंद, आणि त्या मंद बाजूवर चित्रातल्या आकारांच्या कडेनं अगदी पुसट उठाव. ही इमल्शनची, म्हणजे चित्र धरून ठेवणाऱ्या जिलेटिनच्या थराची बाजू. कोडाक्रोमवर, म्हणजे कोडॅकच्या जुन्या रंगीत स्लाइड फिल्मवर, हा उठाव सर्वांत ठळक. चकचकीत बाजू आपल्याकडे असली की चित्र सुलटं दिसतं. तशीच धरून चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. ट्रेमध्ये स्लाइड डोकं खाली करून जाते, त्यामुळे ठिपका येतो वर उजवीकडे, नेमका अंगठ्याखाली. हे बघा, सगळे ठिपके एका ओळीत. मधलाच एक गायब दिसतोय ना? ती स्लाइड उलटी गेली.

१४० घरांचा ट्रेही मिळतो, पण त्यात फक्त पातळ चौकटी चालतात. काचेची जाड चौकट घातली की अडकलीच. पुठ्ठ्याचे कोपरे पिंजले असले तरी तेच. अशा वेळी ट्रे ओढायचा नाही. प्रोजेक्टर बंद करायचा, मधल्या स्क्रूच्या खाचेत नाणं घालून फिरवायचं. ट्रे सुटतो, मग स्लाइड हातानं काढता येते.

(पडद्यावरचं चित्र हळूच धूसर होतं.)

हा लेन्सचा दोष नाही. दिव्याच्या उष्णतेनं फिल्म तापते, मधोमध फुगते, फोकस सुटतो. आणि उष्णतेपेक्षा प्रकाश वाईट. कोडाक्रोमचे रंग अंधारात दशकानुदशकं टिकतात, प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर मात्र लवकर उडतात. एका चित्रावर पाच मिनिटं गप्पा मारायच्या असतील तर पडद्यावर स्कॅन लावा, मूळ स्लाइड नको.

(कॅमेरा स्टँडवर, लेन्स खाली तोंड करून.)

स्कॅनसाठी आता कॅमेरा पुरतो. फुल-फ्रेम कॅमेरा (ज्याचा सेन्सर या फिल्मएवढाच असतो), १:१ मॅक्रो लेन्स (जी वस्तू सेन्सरवर मूळ आकारात उमटवते), खाली एलईडी पॅनल. पॅनलचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९५ च्या वर हवा, नाहीतर काही रंग कधीच जुळत नाहीत. पॅनल स्लाइडपासून काही सेंटिमीटर खाली, म्हणजे त्याच्यावरची धूळ फोकसमध्ये येत नाही. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा समांतर झाला. एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता), दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद). खोलीतला दिवा बंद. धूळ रबरी ब्लोअरनं उडवायची. तोंडानं फुंकर घालायची सवय अनेकांना असते. तिच्याबरोबर थुंकीचे तुषार जातात.

स्कॅनर वापरत असाल तर ४००० डीपीआयला (दर इंचाला ४००० ठिपके) साधारण २१ मेगापिक्सेल मिळतात. इन्फ्रारेडनं (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशानं) धूळ ओळखून चित्रातून पुसणारी स्कॅनरची सोय ई-६ च्या, म्हणजे बहुतेक इतर रंगीत स्लाइड ज्या पद्धतीनं धुतात त्या फिल्मवर छान चालते. कोडाक्रोमवर ती फसते, कारण तिचे रंग इन्फ्रारेडही थोडा अडवतात आणि यंत्राला तीच धूळ वाटते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी तर तो पूर्णच अडवते. दोन्हींसाठी ती बंद ठेवा.

(काचेच्या चौकटीत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे.)

ही बुरशी. जिलेटिन हे तिचं खाद्य. काचेत ओल कोंडली की ती फावते. पाण्यानं पुसायला जाल तर बुरशीनं मऊ केलेलं जिलेटिन चित्रासकट निघून येईल. आधी कोरड्या जागी हलवायचं. हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायची.

पीव्हीसीचे पाऊच घरात नकोत. बाथरूमच्या नव्या प्लास्टिक पडद्याचा येतो तसा वास येत असेल, पाऊच फिल्मला चिकटत असेल, तर ते बहुधा पीव्हीसीच. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर घ्या. फ्रीजरमध्ये ठेवायच्या असतील तर दोन हवाबंद पिशव्या, एकात एक. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थेट फिल्मवर दव.

कोडाक्रोम २००९ मध्ये बंद झाली आणि धुलाईसाठी तिचे शेवटचे रोल अमेरिकेत कॅन्सासमधल्या पार्सन्सला ३० डिसेंबर २०१० पर्यंत स्वीकारले गेले. स्कॅन झालं म्हणून पेट्या रद्दीत जातात, पुढे हार्ड डिस्क बसते, आणि मग दोन्ही नाहीत.

(चौकटीची मागची बाजू, अगदी जवळून.)

पुठ्ठ्यावर दाबून उमटवलेला महिना आणि वर्ष. हा धुलाईचा महिना. फोटो त्याच्या आधी काढलेला. शेजारी पेन्सिलीतलं कुणाचं तरी अक्षर. स्कॅनमध्ये फक्त आतली फिल्म येते. म्हणून चौकटीच्या दोन्ही बाजूंचा साधा फोटो काढायचा आणि फाइलला स्लाइडचाच क्रमांक द्यायचा.