एकोणिसाव्या रस्त्यावरची मुलींची शाळा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात फिलाडेल्फिया येथे झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी,

समितीने मला ‘शाळेच्या आठवणी’ असा विषय दिला, तेव्हा मी हुजूरपागेबद्दल बोलेन असंच सगळ्यांना वाटलं असणार. मी हुजूरपागेची मुलगी आहे आणि मरेपर्यंत राहणार. पण आज मला आपल्याच शहरातल्या एका शाळेबद्दल बोलायचं आहे. एकोणिसावा रस्ता आणि वूड स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, मोठ्या कथीड्रलपासून, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चपासून, चार पावलांवर, जॉन डब्ल्यू. हॅलाहन कॅथलिक गर्ल्स हायस्कूल होतं. जून 2021 मध्ये ते बंद झालं. शहराच्या मध्यभागी, सेंटर सिटीत, नोकरी करताना कितीतरी वर्षं मी त्या दारावरून जात होते. सकाळी बस आणि सबवेमधून उतरणारे ते गणवेशातले मुलींचे घोळके पाहिले की लक्ष्मी रोडवर आल्यासारखं वाटायचं.

या शहरात कॅथलिकांना स्वतःच्या शाळा का काढाव्या लागल्या, इथून सुरुवात करते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. 1840 च्या दशकात इथल्या सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांचं बायबल वाचलं जायचं. आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या, एवढीच इथले कॅथलिक बिशप केनरिक यांची मागणी होती. त्यावरून वातावरण इतकं पेटलं की मे 1844 मध्ये केन्सिंग्टन भागात दंगली झाल्या आणि सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चेस जाळली गेली. आयर्लंडहून आलेली ही गरीब माणसं, तुमच्या-आमच्यासारखीच परदेशातून आलेली. पण आपल्याला इथे येताना हातात पदवी होती, त्यांच्या हातात काही नव्हतं.

पुढे बिशप जॉन न्यूमन यांनी विखुरलेल्या शाळा एका व्यवस्थेखाली आणल्या. 1977 मध्ये त्यांना संतपद मिळालं. मग 1884 मध्ये बाल्टिमोरच्या धर्मसभेत ठरलं की प्रत्येक पॅरिशची, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीची, स्वतःची शाळा हवी. (आपल्या वसईच्या ख्रिस्ती बांधवांच्या मराठीत पॅरिशला धर्मग्राम आणि डायोसीजला, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या धर्मग्रामांना मिळून, धर्मप्रांत म्हणतात. मला हे शब्द फार आवडतात, म्हणून पुढे तेच वापरते.) त्याच 1884 च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक यांनी मुलींचं हायस्कूल सुरू केलं, तीच पुढे पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवरची आमची हुजूरपागा, आणि त्याच वेळी आपली आनंदीबाई जोशी याच फिलाडेल्फियात डॉक्टरकी शिकत होती. हे वर्ष मी कधी विसरत नाही.

धर्मग्रामाची शाळा आठवीपर्यंत. पुढे काय? मुलांसाठी 1890 मध्ये ब्रॉड आणि व्हाइन स्ट्रीटच्या नाक्यावर रोमन कॅथलिक हायस्कूल सुरू झालं, तेही टॉमस केहिल या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून. मुलींना अकरा वर्षं थांबावं लागलं. 1901 मध्ये त्यांचं हायस्कूल सुरू झालं तेव्हा स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. धर्मग्रामांच्या शाळांत मिळतील त्या खोल्यांत वर्ग भरत. धर्मप्रांताने फक्त मुलींसाठी चालवलेलं अमेरिकेतलं ते पहिलं हायस्कूल. 1910 नंतर लवकरच एकोणिसाव्या रस्त्यावर ती इमारत उभी राहिली. तिला पैसा दिला मेरी मॅकमिकन या बाईंनी. हॅलाहन हे नाव नंतर आलं. आधी सगळे नुसतं ‘कॅथलिक गर्ल्स हाय’ म्हणायचे.

शहराच्या मध्यावर शाळा असण्यात मोठं शहाणपण होतं. दक्षिणेतल्या इटालियन वस्तीतली मुलगी, केन्सिंग्टनमधल्या गिरणी कामगाराची मुलगी, स्कूकल नदीपलीकडची मुलगी, सगळ्या एका बाकावर येत. सुरुवातीच्या दशकांत त्यांना फी नव्हती. ज्या धर्मग्रामातून मुलगी यायची, तो धर्मग्राम तिच्या शिक्षणाचा वाटा भरायचा. लॅटिन, गणित, धर्मशिक्षण याबरोबर टंकलेखन, लघुलेखन, हिशेब लिहिणं हेही शिकवलं जायचं. टाइपरायटर येणाऱ्या मुलीला ऑफिसात नोकरी मिळायची, आणि तिच्या पगारावर मागची चार भावंडं शिकायची. आपल्या आईच्या, मावशीच्या पिढीत टायपिंगच्या परीक्षा देणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता मला ज्यासाठी आज उभं राहावंसं वाटलं, ते सांगते. ही शाळा चालली कशावर? इमारत मॅकमिकनबाईंची, वाटा धर्मग्रामांचा, पण रोजचं काम सिस्टरांचं, म्हणजे व्रत घेतलेल्या नन्सचं. सेंट जोसेफच्या सिस्टर, इमॅक्युलेट हार्टच्या सिस्टर, मर्सीच्या सिस्टर, अशा वेगवेगळ्या संघांतल्या बायका एकाच छताखाली शिकवत. पगार असा नव्हताच. संघाला थोडीशी रक्कम मिळायची, त्यात खाणं-राहणं भागवायचं. पहाटे प्रार्थना, दिवसभर तुडुंब वर्ग, रात्री वह्या, आणि सुट्टीत स्वतः कॉलेजला जाऊन पदवी पुरी करायची. 1965 मध्ये अमेरिकेत अशा सुमारे 1,80,000 सिस्टर होत्या. आज चाळीस हजारही नाहीत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बहुतेक वृद्ध आहेत.

शाळा बंद झाली की लोक म्हणतात, मुली कमी झाल्या, पैसा संपला. ते खरंच आहे. महायुद्धानंतर आयरिश आणि इटालियन कुटुंबं उपनगरांत गेली. 1997 मध्ये पेनसिल्व्हेनियाने चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांचा, कायदा केला, आणि फी नसलेला आणखी एक पर्याय आईबापांसमोर आला. 2005 आणि 2011 मध्ये ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे गुन्ह्याची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या, अहवालांनी धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाचं भयंकर सत्य बाहेर काढलं; त्याने श्रद्धाळू घरांचाही विश्वास हलला, आणि ते वगळून हा इतिहास सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. पण या सगळ्याच्या खाली एक जुनी गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी जो ताळेबंद जमत होता, तो सिस्टरांनी आपलं आयुष्य त्यात विनामूल्य घातलं होतं म्हणून जमत होता. त्या गेल्या, त्यांच्या जागी संसारी शिक्षक आले, त्यांनी रास्त पगार मागितला, तो त्यांचा हक्कच होता. मग फी आली, फी वाढली, आणि जिच्यासाठी शाळा काढली त्या गिरणी कामगाराच्या मुलीलाच ती परवडेना. सिस्टरांच्या श्रमाची किंमत कुठल्याच वहीत मांडलेली नव्हती, त्यामुळे ते श्रम संपले तेव्हा नेमकं काय संपलं हेही कुणाला चटकन कळलं नाही.

मुलींच्या शाळा एकेक करून मिटत गेल्या. 1989 मध्ये वेस्ट कॅथलिकच्या मुली आणि मुलं एकत्र आली, 2004 मध्ये दक्षिणेतली सेंट मारिया गोरेट्टी मुलांच्या शाळेत विलीन झाली. 2012 मध्ये सेंट ह्युबर्ट्ससकट चार शाळा बंद करण्याची शिफारस झाली होती. तेव्हा पालक आणि माजी विद्यार्थिनी रस्त्यावर उतरल्या, देणगीदार पुढे आले आणि त्या वाचल्या. नोव्हेंबर 2020 मध्ये, कोविडच्या ऐन तडाख्यात, हॅलाहन आणि वायनकोटची बिशप मॅकडेव्हिट या दोन शाळा बंद होणार असं जाहीर झालं. त्या एका वर्षात देशभरात दोनशेहून अधिक कॅथलिक शाळा बंद पडल्या. हॅलाहनच्या मुलींनी या वेळीही पैसे गोळा केले, घोषणा दिल्या, पत्रं लिहिली. या वेळी ते पुरलं नाही. फिलाडेल्फियाच्या महाधर्मप्रांताच्या (आर्चडायोसीजच्या), फक्त मुलींच्या अशा हायस्कुलांपैकी लिटल फ्लॉवर आणि सेंट ह्युबर्ट्स या दोनच त्यानंतर उरल्या.

शेवटच्या काही दशकांत हॅलाहनच्या वर्गांत आफ्रिकन-अमेरिकन आणि लॅटिना मुली मोठ्या संख्येने होत्या, कॅथलिक नसलेल्याही पुष्कळ. म्हणजे शाळा शेवटपर्यंत आपल्या मूळ कामालाच धरून होती: ज्या घरात पहिल्यांदा कुणी कॉलेजला जाणार आहे, त्या घरातली मुलगी.

आनंदीबाई जिथे शिकली ते विमेन्स मेडिकल कॉलेज 1850 मध्ये याच शहरात निघालं. 11 मार्च 1886 ला तिला पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई मुद्दाम समारंभाला आल्या होत्या. रमाबाईंनी पुढे या देशाबद्दल मराठीत लिहिलं, तेव्हा इथल्या बायका स्वतः संस्था काढतात आणि चालवतात, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. ते कॉलेजही 1970 मध्ये पुरुषांना खुलं झालं, नाव बदललं, दुसऱ्या संस्थांत मिसळलं. पण त्याची कागदपत्रं ड्रेक्सल विद्यापीठाने जपली, म्हणून आपण आज आनंदीबाईबद्दल इतकं बोलू शकतो. आपल्या मंडळाची रविवारची मराठी शाळा कोण चालवतं, ते या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. त्या बायकांनी किती रविवार दिले, कुठल्या वर्षी कोण शिकवत होतं, याची एक साधी वही आपल्याकडे असावी, अशी मी समितीला जाहीर विनंती करते. मी स्वतः लिहायला बसेन.

शेवटी माझ्या शेजारणीबद्दल. ती हॅलाहनची. आजही तिच्या स्वयंपाकघरात शाळेचा निळा-पांढरा झेंडा आहे, आणि त्यावर मिकी माऊस, कारण मिकी हे त्यांच्या शाळेचं चिन्ह. डिस्नेने स्वतः परवानगी दिली होती, असं तिथल्या सगळ्याच मुली अभिमानाने सांगतात. शाळेचा शेवटचा दिवस संपला की वरच्या वर्गातल्या मुली धावत लोगन सर्कलला जायच्या आणि गणवेशासकट स्वान कारंज्यात उड्या मारायच्या. त्या कारंज्यात तीन मूर्ती आहेत, तीन नद्यांच्या: डेलावेअर हा पुरुष, स्कूकल ही प्रौढ स्त्री, आणि विसाहिकन ही कोवळी मुलगी.

मागच्या जूनमध्ये ती मला म्हणाली, चल, माझ्याबरोबर. आम्ही दोघी गेलो. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात. तिने बूट काढले, मोजे काढून बुटात खोचले, विसाहिकनच्या बाजूच्या कठड्यावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. मग बाजूची जागा हाताने पुसली आणि मला म्हणाली, तूही काढ बूट. मी काढले.