पाच पेटाबाइटचं वजन

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे डेटा. तोच, जो रात्री बारा वाजता नव्याने मिळतो आणि संध्याकाळी क्रिकेटची मॅच रंगात आली की नेमका संपतो. रोजचा दीड-दोन जीबी तुम्हाला ठाऊक आहे. फोनवरचं १२८ जीबीसुद्धा ठाऊक आहे. घोळ होतो तो त्याच्या पुढे. बातमीत कुणी म्हणतं अमुक इतके टेराबाइट, तमुक इतके पेटाबाइट, आणि आपण मान डोलावतो. एकावर बारा शून्यं काय आणि एकावर पंधरा शून्यं काय, कानाला सारखीच लागतात. शाळेत आम्हाला एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत पाठ करायला लावलं होतं. पाठ झालं, पण परार्ध म्हणजे किती हे तेव्हाही कळलं नाही. शून्यं मोजून काही कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून आज आपण एक माप घेऊ. ज्ञानेश्वरीचं.

ज्ञानेश्वरीत ओव्या साधारण नऊ हजार. संगणकात देवनागरी साठवायची नेहमीची जी पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात. काना असेल तर त्याचे वेगळे तीन, वेलांटीचे वेगळे तीन, अनुस्वाराच्या टिंबाचेही तीन. इंग्रजी अक्षराचं मात्र एका बाइटात भागतं. आपण तिप्पट भाडं भरतो, असं म्हणा हवं तर. ते असो. एका ओवीला ढोबळमानाने दोनशे बाइट धरा. नऊ हजार गुणिले दोनशे, म्हणजे अठरा लाख बाइट. दोन एमबीला थोडे कमी. हिशेबाला सोपं म्हणून दोन एमबी धरू.

आता गंमत बघा. तुम्ही फोनवर काढता तो एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. म्हणजे गॅलरीतला चुकून निघालेला स्वतःच्या चपलेचा एक फोटो, आणि त्यात ज्ञानेश्वरीच्या दोन प्रती मावतात. एका फोटोत दोन प्रती, हे लक्षात ठेवा. जीबीमध्ये पाचशे प्रती. टीबीमध्ये पाच लाख. आणि पेटाबाइटमध्ये पन्नास कोटी प्रती. पुन्हा सांगते, एका पेटाबाइटमध्ये ज्ञानेश्वरीच्या पन्नास कोटी प्रती.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे, ती पाच पेटाबाइटची आहे. अडीचशे कोटी प्रती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाला वाटल्या तर माणशी बावीस प्रती येतात. एवढा डेटा एका फोटोसाठी गोळा केला होता.

फोटो तुम्ही पाहिला आहे. काळ्या गोलाभोवती नारिंगी कडं, जरा धूसर. १० एप्रिल २०१९ ला तो जगभर झळकला. कृष्णविवराची पहिली प्रतिमा. हे कृष्णविवर एम ८७ नावाच्या दीर्घिकेत आहे, इथून साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब, आणि वजनाला साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं. इतक्या लांबचं कडं दिसायचं तर दुर्बीण पृथ्वीएवढी हवी. तशी बांधता येत नाही. पण वेगवेगळ्या ठिकाणच्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणींनी एकाच वेळी एकाच जागी बघितलं आणि नंतर त्यांचं ऐकलेलं जुळवलं, तर काम होतं. ही युक्ती आपल्याला परकी नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, जरूर जा. तबकड्यांच्या जवळ मोबाइल बंद ठेवावा लागतो, आणि हा नियम मंगल कार्यालयांतही लावायला हवा असं मला मनापासून वाटतं. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना आणि मधे चाळीस मोबाइल. अक्षता टाकायला हात कुणाचा मोकळाच नसतो!

हां, तर खोडदला तबकड्यांकडून येणारे सिग्नल केबलमधून एका इमारतीत येतात आणि तिथल्या तिथे जुळवले जातात. पण कृष्णविवराच्या दुर्बिणी होत्या चिली, मेक्सिको, ॲरिझोना, हवाई, स्पेन आणि थेट दक्षिण ध्रुवावर. एकूण आठ दुर्बिणी, सहा ठिकाणी. तिथे कसली केबल टाकणार?

मग शास्त्रज्ञांनी काय केलं? रेकॉर्डिंग केलं. एप्रिल २०१७ मधल्या मोजक्या रात्री, सगळीकडचं आभाळ एकदम निरभ्र असेल तेव्हा. प्रत्येक केंद्रावर अणुघड्याळ, आणि आलेली प्रत्येक लहर वेळेसकट नोंदलेली. वेग होता एका केंद्रावर सेकंदाला चार जीबीच्या आसपास. आपल्या मापात दर सेकंदाला ज्ञानेश्वरीच्या दोन हजार प्रती. मी हे वाक्य बोलेपर्यंत दहा हजार झाल्या.

आणि या नोंदीत होतं काय? बहुतेक खरखर. आपल्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे जी येते ना, तीच जातकुळी. एकट्या केंद्राची खरखर ऐकून काही कळत नाही. चिलीची खरखर आणि हवाईची खरखर शेजारी ठेवली, वेळेच्या अतिसूक्ष्म फरकाने मागेपुढे सरकवली, की दोन्हींत सारखं असलेलं जे काही सापडतं, ते आकाशातून आलेलं. म्हणून नोंदीतला एक कणही आधी फेकता येत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेचं उलट आहे. तिथे कणांच्या टकरींतून सेकंदाला पेटाबाइटच्या घरात माहिती निघते आणि तिच्यातली बहुतेक डोळ्याचं पातं लवायच्या आत टाकून दिली जाते. टाकून द्यायचं काय हे कळणं ही फार मोठी विद्या आहे. ती आपल्या गॅलरीतल्या सुप्रभातच्या गुलाबांवर कुणी चालवत नाही, हे दुःख वेगळंच.

तर डेटा डिस्कवर भरला. पण डिस्क डोंगरावर चालेनात. मेक्सिकोतली दुर्बीण साडेचार हजार मीटरहून उंच डोंगरावर आहे, चिलीतल्या पाच हजारांवर. हार्ड डिस्कच्या आत वाचणारी सुई तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. तितक्या उंचीवर हवाच विरळ. तरंगायला आधार नाही, मग सुई तबकडीवर घासते आणि डिस्क मरते. म्हणून हेलियम भरून सीलबंद केलेल्या डिस्क वापरल्या. आत हेलियम, बाहेर हवा असो नसो.

मोहीम संपली तेव्हा डिस्कचं वजन अर्धा टन होतं. अर्धा टन! डेटाला वजन नसतं असं कोण म्हणालं?

आता हा अर्धा टन एकत्र आणायचा होता. एक हिस्सा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हेस्टॅक वेधशाळेत, एक जर्मनीत बॉनला. इंटरनेटने का नाही पाठवला? करा हिशेब. घरी शंभर एमबीपीएसची लाइन असते ना, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, ती रात्रंदिवस, एकदाही न तुटता चालली, तर पाच पेटाबाइट जायला साडेबारा वर्षं लागतील. साडेबारा वर्षं, आणि तीही एकदाही न तुटता! आमच्या गल्लीत ती अट पहिल्याच पावसात मोडते. म्हणून पेट्या भरल्या आणि विमानात चढवल्या. माझं जुनं मत आहे की फार सामान आणि फार घाई असेल तर एसटीच्या पार्सलला तोड नाही. शास्त्रज्ञांनी एसटीच्या जागी विमान घेतलं इतकंच.

सगळीकडच्या पेट्या निघाल्या. दक्षिण ध्रुवाच्या निघेनात.

तिथे एप्रिल म्हणजे हिवाळा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ध्रुवावर विमान उतरत नाही ते थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. उपग्रहही दिवसातून काही तासच डोक्यावर असतो, त्यातून किती पाठवणार? जगातले अत्यंत हुशार लोक, अत्यंत महाग यंत्रं, आणि पेट्या बर्फात पडून. मे गेला, जून गेला. आपल्याकडे पाऊस पडून गेला, गणपती झाले, दिवाळी झाली. पेट्या तिथेच. शेवटी १३ डिसेंबर २०१७ ला त्या हेस्टॅकला पोचल्या. पोचल्यावरही लगेच लावल्या नाहीत. आधी गरम होऊ दिल्या, मग यंत्रात घातल्या.

पुढे जुळवाजुळव, मग चार वेगळ्या गटांनी एकमेकांना न सांगता प्रतिमा तयार करून बघणं, मग तपासणी. पाच पेटाबाइटमधून निघालेला तो फोटो होता काही शे केबीचा. एका एमबीपेक्षाही कमी. आपल्या मापात ज्ञानेश्वरीचे काही अध्याय फक्त.

या गोष्टीत एक मेख आहे. एम ८७ दक्षिण ध्रुवावरून दिसतच नाही. ते उत्तरेच्या आकाशात आहे, ध्रुवावर कधी उगवतच नाही. म्हणजे त्या नारिंगी कड्यात ध्रुवावरून पाहिलेलं एम ८७ नाहीच. मग आठ महिने वाट कशासाठी पाहिली? तर त्याच मोहिमेत दुसरंही एक कृष्णविवर टिपलं होतं, आपल्याच आकाशगंगेच्या मध्यातलं, धनू राशीच्या दिशेचं. ते ध्रुवावरून चोवीस तास दिसतं. वजनाने बरंच हलकं, चाळीस लाख सूर्यांच्या थोडं वर. हलकं आहे म्हणूनच चंचल. एम ८७ भोवती फिरायला वायूला काही दिवस लागतात, इथे काही मिनिटं. कडं एका रात्रीत कितीदा तरी बदलतं, आणि त्याचा एक फोटो जुळवता जुळवता पाच वर्षं गेली.

काचेपलीकडून मला वेळ झाल्याची खूण होते आहे. त्या दुसऱ्या कृष्णविवराचा फोटो आला १२ मे २०२२ ला, आणि ध्रुवावरच्या पेट्या त्यात कामी आल्या. नमस्कार.