फाइल कुणी बनवली, हे आधी विचारा

(दृश्य : सोलापूर–धुळे महामार्ग, मांजरसुंब्याचा घाट. भर दुपार. माणसांनी भरलेली स्कॉर्पिओ तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढते आहे.)

निवेदन :
बीड असो, जालना असो की लातूर, डिझेल गाडीवाले दोघं भेटले की गप्पा रिमॅपवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवण्यावर येतातच. गाडी भरली की चढाला दम लागतो, ओव्हरटेकला पिकअप मिळत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘हातातलं एक मशीन येतं, वायर लावायची, अर्ध्या तासात गाडी पळायला लागते.’

मशीन खरंच येतं आणि गाडी पळतेही. पण मशीन निवडण्याआधी माणूस निवडायला हवा.

इंजिनाचा सगळा कारभार ईसीयू नावाच्या डब्याकडे, म्हणजे गाडीतल्या संगणकाकडे असतो. डिझेल किती फवारायचं, कोणत्या क्षणी फवारायचं, टर्बोने हवेचा दाब किती द्यायचा, या सगळ्याचे तक्ते त्याच्यात भरलेले असतात. तेच मॅप, आणि ते ज्यात असतात ती फाइल. कंपनी त्यात थोडी ताकद राखून ठेवते, कारण गाडी कुठे जाईल आणि कसलं डिझेल पिईल, याचा तिला भरवसा नसतो.

ही राखीव ताकद किती? स्कॉर्पिओचंच बघा. २.२ लिटरचं एमहॉक इंजिन आधी सुमारे १२० अश्वशक्तीचं होतं, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २८० न्यूटन-मीटर. २०१७ साली त्याच आकाराचं इंजिन १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटरवर आलं. पण तेव्हा कंपनीने सोबत सहा गिअरचा बॉक्सही दिला. नुसते आकडे वाढवून ती थांबली नाही. म्हणून ‘तीस टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच करा : वाढलेला टॉर्क माझी क्लच प्लेट सोसेल का?

(दृश्य : स्टिअरिंगच्या खालचं सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे ईसीयूशी बोलायची जागा. त्यात केबल बसते.)

आता यंत्रांकडे वळू. बाजारात तीन प्रकार दिसतात.

पहिला ट्यूनिंग बॉक्स. तो ईसीयूला हात लावत नाही. सेन्सरच्या वायरमध्ये बसतो आणि रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, मग ईसीयू दाब वाढवतो. काढला की गाडी मूळ रूपात. सोपं आहे, पण फसवलेल्या ईसीयूला खरी स्थिती कळत नाही, हे मनाला पटत नाही.

दुसरं हातात मावणारं फ्लॅश यंत्र, जे गाडीमालक स्वतः विकत घेतो. मूळ फाइल वाचून जपून ठेवतं, नवी भरतं, प्रवासात आकडे नोंदवतं. कॉब, एससीटी ही अमेरिकेतली गाजलेली नावं. पण ती तिकडच्या ठरावीक गाड्यांसाठी आहेत. गाडीचं नाव जुळलं म्हणून यंत्र चालतं असं नाही, ईसीयूचा हार्डवेअर नंबर जुळावा लागतो. तो डब्यावरच्या स्टिकरवर असतो. आधी त्याचा फोटो पाठवा, यंत्र चालेल असं लेखी उत्तर घ्या, मगच पैसे द्या.

तिसरं गॅरेजवाल्याचं यंत्र. इथे नीट लक्ष द्या. या यंत्रांत मास्टर आणि स्लेव्ह असे दोन भेद असतात. स्लेव्ह यंत्राने वाचलेली फाइल कुलूपबंद असते. ती फक्त ज्याच्याशी ते यंत्र जोडलेलं आहे त्या मास्टरवाल्यालाच उघडता येते. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला मुलगा फाइल वाचतो, पाठवतो आणि आलेली भरतो. बनवणारा कुठल्या तरी दुसऱ्या शहरात असतो, आणि त्याने मराठवाड्याचा मे महिना पाहिलेला असेलच असं नाही.

हा मे महिना फार महत्त्वाचा आहे. पारा ४२ च्या पुढे गेला की हवा विरळ होते. सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो, डिझेल मात्र नव्या तक्त्याप्रमाणे जास्त फवारलं जातं. मग मागून काळा धूर निघतो, एक्झॉस्ट तापतो आणि सगळा ताण टर्बोवर येतो. त्यात समृद्धीवर जालन्यापासून १२० च्या वेगाने सलग गाडी हाणली, तर इंजिनाला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. थंडीच्या दिवसांत छान वाटलेली फाइल इथे उघडी पडते.

म्हणून चांगला ट्यूनर, म्हणजे फाइल बनवणारा, एकच फाइल देऊन मोकळा होत नाही. आधी मूळ गाडीचा लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद मागतो, मग सौम्य फाइल देतो, पुन्हा लॉग मागतो. मोकळ्या रस्त्यावर तिसरा गिअर, पंधराशे आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर. मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट, मागितलेला रेल दाब आणि मिळालेला, आत येणाऱ्या हवेचं तापमान : हे रकाने शेजारी शेजारी ठेवून तो वाचतो. दोन आकड्यांत फरक पडत असेल तर आधी टर्बोचा पाइप किंवा इंजेक्टर दुरुस्त करायला सांगतो. आलेलं काम परत पाठवणारा असा माणूस मिळाला, तर दोन पैसे जास्त द्यावेत.

आणि जो पहिल्याच फोनवर ‘डीपीएफ काढून टाकू, ईजीआर बंद करू’ म्हणतो, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी आणि धुरातला विषारी वायू कमी करणारी व्यवस्थाच काढतो, त्याच्या दारी जाऊ नका. त्याचा धूर आपल्याच गावातली लेकरं घेणार आहेत.

(दृश्य : उघडं बॉनेट, बॅटरीला लावलेला चार्जर. पडद्यावर टक्के पुढे सरकताहेत.)

फाइल भरताना इंजिन बंद, चावी चालू. एसी, दिवे, टेप सगळं बंद. मध्येच रेडिएटरचा पंखा फिरला तरी बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो, आणि लिहिणं अर्धवट तुटलं तर ईसीयू मुका होऊ शकतो. मग डबा काढून टेबलावर उघडावा लागतो. म्हणून स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर हवाच. त्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा तो चार्जर इन्व्हर्टरवर आहे का, हेही विचारा.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांवर बंधन घालतं. वॉरंटी धोक्यात येतेच. मूळ फाइल परत टाकली म्हणून सर्व्हिस सेंटरला कळणार नाही, या भ्रमात राहू नका. कितीदा लिहिलं गेलं याची नोंद बऱ्याच ईसीयूत राहते. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ फाइल मात्र स्वतःकडे मागून घ्या, दोन ठिकाणी जपा. हातातली बरीचशी यंत्रं एका गाडीच्या चासी नंबरला बांधली जातात. गाडी विकायची वेळ आली की आधी मूळ फाइल परत भरा आणि यंत्र त्या गाडीतून मोकळं करून घ्या. नाहीतर गाडी गेल्यावर ते यंत्र दुसऱ्या गाडीला लागत नाही, आणि नव्या मालकाच्या हाती आपला मॅप नकळत जातो.