जाळी काढा, खाली पाणी आहे

(राकसकोप. भर पावसाळा. वेस्टवेअरचे, म्हणजे सांडव्याचे, दरवाजे.)

राकसकोप भरलं. आता दोन-चार दिवस बेळगावात एकच विषय. दरवाजे किती उघडले, मार्कंडेय नदीला पाणी किती आलं. 1962 सालचा हा जलाशय भरला की शहर निर्धास्त होतं. मे महिन्यात हेच शहर रोज सकाळी पेपरात त्याची पातळी शोधतं. आज किती फूट?

(हिडकल. उतरलेलं पाणी, हुन्नूरचं विठ्ठल मंदिर.)

एकटं राकसकोप पुरेना, म्हणून हिडकल. घटप्रभेवरचं 51 टीएमसीचं, म्हणजे 51 अब्ज घनफुटांचं धरण. घटप्रभा उगम पावते पलीकडे चंदगडाच्या डोंगरात, अडवली जाते हुक्केरी तालुक्यात. सीमेचा वाद नदीच्या गावीही नाही. पण हिडकल खाली आणि बेळगाव वर. तिथलं पाणी तुमरगुद्दी, कुंदरगी असं टप्प्याटप्प्याने पंपानं चढवायचं, बसवनकोळला शुद्ध करायचं आणि मग नळाला सोडायचं. वाटेत एका ठिकाणी वीज गेली किंवा पाईप फुटला, की गल्लीत घागरी रांगेला लागतात. "पाणी आलं काय वो?"

2012 च्या राष्ट्रीय जलनीतीत एक शहाणपणाची गोष्ट लिहिलेली आहे. घरगुती पुरवठा शक्यतो नदी-धरणाच्या पाण्यावर करा, पण त्याला भूजलाची आणि पावसाच्या पाण्याची जोड द्या. 2019 साली जल जीवन मिशन आलं. खेड्यात माणशी रोज 55 लिटर, तेही घरात नळानं. नळ मोजता येतो, त्याचा फोटोही चांगला येतो. जोडीच्या पाण्याचं तसं नाही. बेळगावात ही जोड आयती आहे, आणि ती अशी दिसते.

(शहापूर. गल्लीतली विहीर, तोंडावर गंजलेली जाळी.)

जुन्या बेळगावात घरामागे आड आणि गल्लीत विहीर असायचीच. जमीनच तशी आहे. वर जांभा, खाली काळा कातळ. जांभा पावसाचं पाणी पितो, कातळ ते अडवतो, आणि या दोघांच्या सांध्यात झरे लागतात. शहरात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. विहिरी त्या हिशोबानं खणलेल्या.

(जाळी कापताना. उपसा.)

बुजत चाललेली विहीर साफ करताना पहिल्यांदा वरचा कचरा काढतात. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, विसर्जन केलेल्या गणपतीचे पाट. मग मोटर लावून उपसा. उपसा मध्येच थांबवून चालत नाही, कारण थांबला की झरे पुन्हा विहीर भरायला लागतात. अडचण असावी तर अशी! माणूस उतरवायच्या आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडतात. तो विझला तर त्या दिवशी कुणी उतरत नाही. नाही विझला, तरी वरून पंख्यानं हवा सोडूनच माणूस उतरतो.

मग यारी उभी राहते. एकेक बादली गाळ वर येतो. पहिला काळा, नाकाला पदर लावायला लावणारा. त्याच्याखालचा करडा, चिकट. आणखी खाली खापरं, फुटकी घागर, दोराच्या काचानं खाच पडलेला रहाटाचा तुकडा. आणि मग पश्चिमेच्या बाजूला, तळापासून कमरेइतक्या उंचीवर, दगडाच्या सांध्यातून बोटाएवढी धार.

(निवेदन नाही. फक्त धारेचा आवाज.)

(टिळकवाडी. काँग्रेस विहीर.)

डिसेंबर 1924. बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यजमानांतले प्रमुख. एवढ्या माणसांना पाणी पुरवायचं म्हणून ही विहीर खणली आणि तिला नाव दिलं पंपा सरोवर. काम दोन दिवसांचं होतं, खड्ड्यावर भागलं असतं. त्यांनी शंभर वर्षं टिकेल अशी विहीर बांधली. 1995 च्या टंचाईत पालिकेला ज्या जुन्या विहिरींची आठवण झाली, त्यात हीसुद्धा होती. टंचाई सरली. काही विहिरींवर पंप बसले, काहींवर पुन्हा जाळ्या.

जिल्ह्यातच अथणी-चिक्कोडीकडे उन्हाळ्यात कृष्णा कोरडी पडते आणि कोयनेचं पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राला पत्रं जातात. आमचा कॅमेरा तिकडे गेला नाही, म्हणून एवढंच. शहरात काही प्रभागांना चोवीस तास पाणी मिळतं, हेही खरं.

विहिरीचं पाणी मात्र तपासल्याशिवाय प्यायचं नाही. शेजारून गटारं गेलीत, ती झिरपतात. पण धुणं, भांडी, संडास, झाडं? घरातलं बरंचसं पाणी यातच जातं. त्यासाठी हिडकलचं शुद्ध केलेलं पाणी एवढं वर चढवायचं कशाला? शहराच्या पाणी आराखड्यात प्रत्येक विहिरीची नोंद हवी. खोली किती, एप्रिलमध्ये पाणी किती राहतं, गटार किती लांब. नाहीतर कुणीतरी भराव टाकतो, वर फरशी बसते, त्यावर गाडी उभी राहते.

(शहापूर. नवी मोटर, निळा पाईप.)

त्या गल्लीत आता मोटर बसली आहे. पाईप तिठ्यावरच्या टाकीपर्यंत गेला आहे. वीजबिल कुणी भरायचं हे ठरलेलं नाही. त्यासाठी रविवारी मारुतीच्या देवळात बैठक आहे.