सोड्याच्या तळ्यात मिथेन कोण करतं?

चिकोडी, रायबाग, अथणीकडची मंडळी समोर आहेत, त्यांना चोपण जमीन काय असते हे मी वेगळं सांगायची गरज नाही. उसाला पाणी देऊन देऊन सोडियम वाढतो, पीएच साडेआठच्या वर जातो, जिप्सम टाकून टाकून माणूस दमतो. आता असाच सोडियम कार्बोनेट एका अख्ख्या तळ्यात साठलाय, पीएच 10च्या आसपास आणि मीठ समुद्राच्या सात-आठ पट. सायबेरियात अल्ताईच्या बाजूला कुलुंदा म्हणून गवताळ प्रदेश आहे, तिथं अशी तळी आहेत. आपल्याला लगेच लोणार आठवतं, पण लोणार अल्कली जरूर आहे, मीठ मात्र त्या मानानं पुष्कळच कमी.

आणि या असल्या तळ्यांच्या गाळात मिथेन, म्हणजे गोबरगॅसमध्ये जळतो तोच वायू, तयार होतो!

करणारे कोण, तर आर्किया. दिसायला बॅक्टेरियासारखे पण वंश वेगळा, हे कार्ल वूज यांनी 1977 मध्ये दाखवलं आणि तेसुद्धा मिथेन करणाऱ्यांचाच अभ्यास करताना. आपल्या खेड्यातल्या गोबरगॅसच्या टाकीत यांचेच भाऊबंद असतात, तिथं मुख्यतः अॅसिटिक आम्लापासून गॅस होतो. पण त्यात ऊर्जा फार थोडी सुटते, मोलला साधारण 31 किलोज्यूल. गोड्या पाण्यात तेवढ्यावर भागतं. खारट पाण्यात भागत नाही, कारण बाहेरचं मीठ पेशीतलं पाणी ओढून घेतं आणि ते टिकवायला आत काहीतरी साठवावं लागतं, त्यालाच सगळी कमाई जाते. दुसरा रस्ता म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करायचा, पण हायड्रोजनवर सल्फेटवाले, म्हणजे सल्फेट वापरून जगणारे, बॅक्टेरिया आधीच टपून बसलेले, आणि इतक्या पीएचला मोकळा कार्बन डायऑक्साइडही जवळजवळ उरत नाही, सगळा कार्बोनेट-बायकार्बोनेट होऊन बसतो.

मग खायचं काय? मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच. मिठापासून वाचायला पुष्कळ जीव अंगात ग्लायसिन बीटेन साठवतात, ते मेले की बीटेन कुजून ट्रायमिथाइल अमाइन होतं, म्हणजे सडक्या मासळीला जो वास येतो ना, तेच. ते सल्फेटवाल्यांना खास चालत नाही. म्हणून ते या मिथेनवाल्यांच्या वाट्याला येतं, मिथेनॉलही तसंच.

2017 मध्ये सोरोकिन आणि सहकाऱ्यांनी अशाच तळ्यांमधून एक नवाच गट प्रसिद्ध केला, मिथॅनोनॅट्रोनआर्किया. हे मिथाइलवाली संयुगं, म्हणजे वरची ट्रायमिथाइल अमाइन-मिथेनॉलसारखी, घेतात आणि हायड्रोजन किंवा फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचं रूप) वापरून त्यांचं मिथेन करतात. 4 मोलर सोडियम, म्हणजे अतिखारट पाणी, पीएच साडेनऊच्या आसपास आणि 50 अंश तापमान, असं असलं की यांची वाढ चांगली. शिवाय बीटेन बनवायचा खर्च करत बसत नाहीत, सरळ पोटॅशियम आत भरून घेतात. त्या अभ्यासात यांचे जवळचे नातलग ठरले ते मिठागरं गुलाबी करणारे हॅलोआर्किया, 2020च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं त्यांच्यामुळेच.

हे आपल्या गोबरगॅसच्या टाकीत सोडले तर? नाही चालणार. टाकीचा पीएच 7च्या आसपास आणि मीठ नाममात्र, एवढ्या कमी मिठात हे जगूच शकत नाहीत, आपली चोपण जमीनसुद्धा त्यांना फारच कमी खारट पडेल.